खिडकीच्या या बाजूला

सिएटलच्या धक्क्यावरून जहाज सुटायला अजून तीन तास होते आणि आम्ही चौघं पोटभर जेवून, हातात कागदी पेले धरून सोळाव्या मजल्यावर उभे होतो. पेल्यात काकडीचं पाणी. "आई, स्पा दाखवतायत, फुकट आहे, चल," लेक म्हणाली होती. फुकट म्हटल्यावर हेही निघाले. जावई सगळ्यात मागे, आपला यांच्याशी काही संबंध नाही असा चेहरा करून.

पांढऱ्या झब्ब्यातली एक हसरी मुलगी आम्हां वीसेक जणांना एकेक खोली दाखवत नेत होती. ही कोरड्या उष्णतेची, ही वाफेची, ही मिठाची. मिठाच्या विटांच्या भिंती आणि त्यांच्यामागे नारिंगी दिवा, पणतीवर हात धरल्यावर बोटं दिसतात तशा रंगाचा. पुढे बर्फाची खोली. अलास्काला निघालेल्या जहाजात बर्फाची वेगळी खोली कशाला, असं ह्यांनी मला मराठीत विचारलं आणि तिला ते कसं कोण जाणे कळलं, ती हसली. मग एक हौद, त्यात पाणी आपणहून खदखदत होतं. आणि शेवटी, जहाजाच्या अगदी नाकाशी, जमिनीपासून छतापर्यंत काच आणि काचेकडे तोंड करून ओळीने मांडलेल्या खाटा. खाटा कसल्या, पाठीला, कमरेला, पोटऱ्यांना वळण देऊन बांधलेले ओटेच ते. वरून बारीक टाइल्स, आतून तापवलेले. "बसून बघा," ती म्हणाली. कोणी पुढे होईना म्हणून मी बसले.

माझ्या आजोळी, राजापूरजवळ, न्हाणीची आणि स्वयंपाकघराची भिंत एकच होती. पलीकडून चूल, अलीकडून आम्ही. थंडीत आंघोळ झाली की आम्ही मुलं ओल्या अंगाने त्या भिंतीला पाठ लावून उभी राहायचो. मातीची भिंत, तिची ऊब अंगावर येत नाही, अंगात शिरते. एका वेळी दोघंच मावायची, म्हणून मोठी मामी शंभरपर्यंत आकडे म्हणायला लावायची. शंभर झाले की पुढचा. त्या जहाजावर टाइल्सच्या ओट्यावर पाठ टेकली आणि मी मनात आकडे म्हणायला लागले. साठ-सत्तरपर्यंत पोचले असेन तेवढ्यात मुलगी म्हणाली, पूर्ण सप्ताहाचा पास माणशी २४९ डॉलर, मोजकेच काढतो, आणि थोडेच राहिलेत.

मी उठले.

'थोडेच राहिलेत' या वाक्याने नव्हे. ते वाक्य मी ओळखते. मला उठवलं ते 'पास' या शब्दाने.

१९७९ ते २०१७ मी मध्य रेल्वेत तिकीटखिडकीच्या आत बसत होते. ठाकुर्ली, डोंबिवली, शेवटची काही वर्षं मुलुंड. इतक्या वर्षांत किती पास काढून दिले ते मोजलेलं नाही, पण पासाचं गणित हाडात मुरलेलं आहे. दुसऱ्या वर्गाचा मासिक पास म्हणजे पंधरा एकेरी तिकिटांचे पैसे. म्हणजे आठ दिवस जाऊन-येऊन केलं की वसूल, उरलेला महिना रेल्वेच्या खर्चाने. तिमाही काढला तर तीनपट नाही, दोन पूर्णांक सात दशांश पट. २०१४ साली पंधराच्या जागी तीस तिकिटांचे पैसे घ्यायचं वर ठरलं, तेव्हा खिडकीला नुसतं पेटलेलं रान होतं आणि काही दिवसांतच तो निर्णय मागे घ्यावा लागला. पासाला हात लावायचा नसतो. मुंबईच्या माणसाचं ते रेशनकार्डानंतरचं दुसरं कागदपत्र. पूर्वी फोटोचं ओळखपत्र आणि त्याच्याबरोबर पासाचा पुठ्ठा, दोन्ही प्लॅस्टिकच्या पाकिटात. पाकिटात मागे लपवलेली साईबाबांची तसबीर, दहाची घडी घातलेली नोट, आणि एकदा तर बाळाचं जावळ.

खिडकीच्या आत बसून एक गोष्ट मात्र लक्षात यायची. पास स्वस्त पडतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी सगळे काढत नाहीत. नाक्यावर उभी राहणारी माणसं, रंगारी, गवंड्याच्या हाताखालच्या बाया, रोज सकाळी सुट्टे मोजून तिकीटच मागायच्या. सुरुवातीला मला वाटायचं, समजत नाही त्यांना. नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झाली असतील, मी एका बाईला शहाणपणाने सांगितलंही, "अहो, पास काढा, परवडेल." ती म्हणाली, "बाई, उद्या काम लागंल का नाय, तुमी सांगता?" मी पुढचं तिकीट फाडलं. पास स्वस्त असतो तो उद्याची खात्री असलेल्या माणसाला. ज्याला ती नाही त्याने रोजचं महाग तिकीट काढायचं.

आणि उलटाही एक मासला होता. मुलुंडला एक गृहस्थ दर तीन महिन्यांनी यायचे, मुलुंड ते सीएसटी, पहिला वर्ग. निवृत्त होऊन सहा-सात वर्षं झाली होती, ते मला माहीत होतं, कारण निवृत्तीचे पेढे त्यांनी खिडकीतून आत दिले होते. एकदा मी न राहवून विचारलं, "काका, रोज जाता का हो अजून?" म्हणाले, "छे. खिशात असावा."

जहाजावरचं गणित मी त्याच रात्री केबिनमध्ये मांडलं. वर्तमानपत्राच्या कडेला आकडे मांडायची सवय. वर्तमानपत्र नव्हतं, म्हणून उद्याच्या कार्यक्रमाच्या कागदावर. सात रात्री, पण पहिला दिवस गेलाच. शेवटच्या दिवशी सकाळी सात-आठला उतरवणार, तोही गेला. जुनो, स्कॅगवे, केचिकन, या तीन दिवशी बाहेर. एक दिवस ग्लेशियर बे, त्या दिवशी काचेच्या आत झोपायला एवढ्या लांब कोण येतं? उरला धड एक समुद्राचा दिवस, आणि व्हिक्टोरियाच्या आधीचा अर्धा. दीड दिवसाला २४९. हे चष्म्यावरून बघत होते. म्हणाले, "शंभर कटिंग पिऊन झाल्यावरसुद्धा पैसे उरतील." लेक म्हणाली, "आई, प्लीज, रुपयांत करू नकोस."

"मी रुपयांत नाही करत. मी दिवसांत करतेय."

"मला परवडतंय गं."

"परवडण्याचा प्रश्न नाही."

"मग कसला?"

मला तिला उत्तर देता आलं नाही. खरं तर ते उत्तर मला स्वतःलाही अजून धड सापडलेलं नाही, म्हणून तर हे लिहितेय.

व्हिक्टोरियाची गंमत इथेच सांगून टाकते. हे कॅनडातलं बंदर आमच्या वाटेवर होतं ते काही हौसेने नव्हे. अमेरिकेत १८८६ सालचा एक कायदा आहे. परदेशी नोंदणीच्या जहाजाने अमेरिकेतून निघून, नुसती अमेरिकेतलीच बंदरं करून उतारू परत आणून सोडायचे नाहीत, मध्ये कुठेतरी परदेशी भूमीला शिवून यायचं. म्हणून अलास्काची ही मोठाली जहाजं संध्याकाळी व्हिक्टोरियाला टेकतात आणि रात्री निघतात. जावयाने हे सांगितलं तेव्हा मला फार बरं वाटलं. सोळा मजल्यांचं जहाज, चार हजार माणसं, आणि एका जुन्या कागदासाठी वाकडी वाट. सरकारी नोकरी केलेल्या माणसाला असल्या गोष्टींत घरच्यासारखं वाटतं.

दुसरा दिवस समुद्राचा. आकाश राखाडी, पाणी राखाडी, मधली रेघ शोधावी लागे. मी सहज म्हणून सोळाव्या मजल्यावर गेले. काचेच्या दारातून आतलं थोडं दिसत होतं. त्या उबदार खाटा सगळ्या भरलेल्या होत्या, म्हणजे भरलेल्या नव्हत्या. सहा खाटांवर माणसं, बाकीच्यांवर टॉवेल. टॉवेलवर पुस्तक, चष्म्याचं घर, एका ठिकाणी एकच सपात. मी एकटीच तिथे उभी राहून हसले. पंढरपूरच्या एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकणारा आमचा माणूस आणि हा माणूस, दोघांत अंतर फक्त रुमालाच्या मापाचं. पुढेमागे कधी भांडण होईल, 'इथे माझा टॉवेल होता', ते बघायला मिळालं तर मात्र २४९ डॉलर वसूल, असं मनात आलं.

मनात आणखीही एक होतं, ते लेकीला सांगितलं नव्हतं. तिथे सगळे पोहण्याच्या कपड्यांत असतात, बायका-पुरुष एकत्र. माझ्याकडे तसा कपडा होता, लेकीनेच घेतलेला, गुडघ्यापर्यंत झाकणारा, अजून किमतीच्या चिठ्ठीसकट. अडुसष्टाव्या वर्षी कोण बघतंय, हे खरं. पण कोणी बघत नाही याचीही सवय व्हावी लागते.

राजापूरजवळच उन्हाळे म्हणून गाव आहे. नावच तसं. तिथे जमिनीतून कढत पाणी येतं, बारा महिने. आजीचे गुडघे दुखायचे, तेव्हा ती तिथे जायची, तिच्याबरोबर शेजारणी, आणि शेपटाला आम्ही. गंधकाचा वास, शेवाळलेली दगडी पायरी, आणि नेसत्या लुगड्यातच पाण्याच्या धारेखाली बसलेल्या बायका. बोलत मात्र अखंड. कोणाचं काय चाललंय ते सगळं त्या वाफेत कळायचं. आणि जवळच राजापूरची गंगा. ती काही बारमाही नाही. साधारण तीन वर्षांनी येते म्हणतात, पण कधी आधी, कधी लांबवते, राहते किती दिवस तेही तिच्या मनावर. चौदा कुंडं आहेत, एरवी कोरडी ठाक. एके दिवशी कोणीतरी बघतं, पाणी आलंय, आणि मग निरोप धावतात. आमच्या ठाण्याच्या घरी पोस्टकार्ड यायचं, त्यावर चार शब्द, 'गंगा आली. निघून या.' पत्र पोचून, रजा मिळून, एसटीने राजापुरात पोचेपर्यंत गंगा असेल की गेली असेल, याची हमी नव्हती. एकदा आम्ही पोचलो तर आदल्या रात्री गेली होती. ओली कुंडं बघून परत आलो. आजी म्हणाली, "ओल तरी बघितलीत."

यावरून मी असं म्हणणार नाही की आमच्या बायका हिशेब करत नव्हत्या. चांगल्या करत. उन्हाळ्यात आंघोळ, मग गंगेत, मग परत एकदा उन्हाळ्यात, निघताना पितळी तांब्या भरून, वाटेत धूतपापेश्वर, असं सगळं एका खेपेत बसवायची आजी. वसुली ती तिचीच, पण ती जायच्या वाटेवर व्हायची, जायचं ठरवताना नाही. मी मात्र पाणी बघायच्या आधी भागाकार मांडून बसले.

जुनोला उतरलो. तिथे पोचायला बाहेरून रस्ताच नाही, एक तर पाण्याने या नाहीतर विमानाने. राज्याची राजधानी, आणि एसटी नाही. त्या दिवशी विशेष काही घडलं नाही, पाऊस पडला.

स्कॅगवेला मात्र मी हरखले. तिथून एक छोटी रेल्वे डोंगरात चढते, तीन फुटी रुळांची, १८९८ ते १९०० या काळात बांधलेली, क्लोंडाइकच्या सोन्यापायी. रेल्वे व्हायच्या आधी सोनं शोधायला निघालेली माणसं ही खिंड पायी चढायची, आणि कॅनडाच्या हद्दीवर पोलीस उभे असायचे. वर्षभराचा शिधा-सामान, सुमारे टनभर, बरोबर असल्याशिवाय आत सोडत नव्हते. टनभर सामान एकदम कोण नेतं? तीच वाट वीसवीस, तीसतीस वेळा चढायची, उतरायची. रोजचं जाऊन-येऊन. पासाचा विचार माझ्या डोक्यात तिथेही आलाच, आणि मग फलकावर लक्ष गेलं, खिंडीचं नावच व्हाइट पास. मी ह्यांना ढोसलं. त्या गाडीचं तिकीट स्पाच्या पासाच्या निम्म्याहून जास्त होतं, एका दुपारचं. मी ते क्षणात काढायला सांगितलं. लेकीने माझ्याकडे बघितलं, पण बोलली नाही. माझी पोर गुणी आहे.

त्याच रात्री जेवणघरात ऑम्लेट करणारा एक मनुष्य आमचं बोलणं ऐकून म्हणाला, "मराठी ना तुम्ही?" बार्देशचा निघाला. गोव्यात जहाजावरच्या माणसाला तारवटी म्हणतात, त्याचा बाप तारवटी, आजा तारवटी. कांदा नि हिरवी मिरची जास्त घालून त्याने मला ऑम्लेट केलं, आणि मग दर दिवशी मी त्याच्याच रांगेत. त्याला मी पासाचं विचारलं. त्याने खांदे उडवले. अठरा वर्षं जहाजावर आहे, ती खोली त्याने पाहिलेली नाही. कामगारांना तिथे जायचं काम नाही. स्पा बाहेरच्या कंपनीला दिलेला, त्यांची माणसं वेगळी, त्यांना विक्रीवर पैसे, म्हणून ती मुलगी एवढं हसते, बिचारी. "बाई, आमची खोली पाण्याखाली. खिडकी नाही. पण ऊब भरपूर," तो म्हणाला, "इंजिन जवळ ना." जहाजात इंजिनाची वाया जाणारी उष्णता वापरतात, समुद्राचं पाणी उकळून गोडं करतात, तेच आपण पितो, न्हातो. म्हणजे चुलीच्या मागची भिंतच ती, फक्त मोठी. "माझा पास नऊ महिन्यांचा," तो म्हणाला आणि पुढच्याला विचारलं, चीज घालू का.

पाचव्या दिवशी ग्लेशियर बे. सकाळी एक छोटी बोट जहाजाला येऊन चिकटली आणि खाकी-हिरव्या कपड्यांतले उद्यानाचे रक्षक शिडीने वर चढले. दिवसभर तेच ध्वनिक्षेपकावरून सांगत होते. या खाडीत दिवसाला दोनच मोठ्या जहाजांना आत सोडतात. तिथेही मोजकेच पास, पण 'थोडेच राहिलेत' असं कोणी म्हणत नव्हतं. १७९४ साली व्हँकुव्हरच्या मोहिमेतली माणसं इथून गेली तेव्हा ही खाडी जवळजवळ नव्हतीच. तोंडाशीच बर्फाची भिंत उभी. त्या बर्फाने त्याच्या आधी थोडी वर्षं इथल्या ट्लिंगिट लोकांना गावातून रेटून बाहेर काढलं होतं. १८७९ साली जॉन म्यूर होडीतून आला तोवर बर्फ तीसहून जास्त मैल मागे सरला होता. आम्ही आत जात राहिलो, तास, दीड तास, दोन तास, आणि मला सारखं वाटत होतं की हे सगळं पाणी म्हणजे आधीच्या कोणाच्या तरी डोळ्यांपुढचा बर्फ आहे.

मार्जरी हिमनदीसमोर जहाज थांबलं. मैलभर रुंद निळा-पांढरा कडा. चार हजार माणसं, आणि कोणी बोलत नव्हतं. दोन स्वेटर, शाल, वर जावयाचं जाकीट, तरी दात वाजत होते. मग एक तुकडा सुटला. आधी दिसतं, आवाज मागाहून येतो, ढगाच्या गडगडाटासारखा. कधी सुटेल हे रक्षकांनाही माहीत नसतं. लोक कॅमेरे रोखून उभे, हात दुखले की खाली घेत, आणि घेतले की नेमका तेव्हाच सुटे. गंगा आली, निघून या.

कधीतरी मी मागे वळून वर पाहिलं. आमच्या डोक्यावर, जहाजाच्या नाकाशी ती काच होती. आतून पूर्ण धुरकटलेली. सगळा दूधट पांढरा पडदा, आणि त्यात एका जागी कोणीतरी तळहाताने पुसून काढलेलं भोक. त्या भोकात एक चेहरा. बाई की पुरुष कळलं नाही. तो चेहरा आधी बर्फाकडे बघत होता, मग खाली, कुडकुडणाऱ्या आमच्याकडे. इतकी वर्षं मी अशाच एका गोल भोकातून माणसं पाहिली होती. पहाटे साडेचारला, थंडीत, मफलर गुंडाळून रांगेत उभी असलेली माणसं आणि आत मी, पायाशी छोटा हीटर. मी हात हलवला. पुसलेली जागा परत धुरकटली.

सहाव्या दिवशी केचिकनला असा पाऊस की कोकण परवडलं. लाकडी फळ्यांच्या रस्त्यावर चालून चालून गुडघे बोलायला लागले. संध्याकाळी परत आलो, ह्यांनी केबिनमध्ये ब्लँकेट ओढलं, मुलं कसलातरी खेळ बघायला गेली. मी ओल्या केसांनी सोळाव्या मजल्यावर गेले. हिशेबाने पाहिलं तर याहून वाईट वेळ नव्हती. आजची रात्र, उद्याचा अर्धा दिवस, मग व्हिक्टोरिया, मग सामान बांधणं. तीच पांढऱ्या झब्ब्यातली मुलगी काउंटरवर एकटी बसली होती. दिवसभर हसून तिचं तोंड थकलेलं दिसत होतं, आणि तशी ती मला जास्त आवडली. पाय काउंटरखाली सपातांतून काढून ठेवले असणार, मी पैजेवर सांगते.

"पास?" मी म्हटलं.

तिने यंत्राकडे पाहिलं, उरलेल्या वेळाचा भाव सांगितला आणि बोटं कळफलकावर ठेवून, मान वर न करता विचारलं, "कधीपासून?"

हा प्रश्न अडतीस वर्षं मी विचारला होता. दिवसाला दोनशे वेळा, मान वर न करता. एक तारखेपासून की आजपासून, कधीपासून देऊ, लवकर बोला, मागे रांग आहे. लोक का अडखळतात ते मला कधी कळलं नव्हतं.

माझ्या मागे कोणीही नव्हतं. तरी मी सवयीने जरा बाजूला सरले.